मिडी क्लॉक की मिडी टाइमकोड: सिंक कशावर लावायचा?

मिडी म्हणजे वाद्यं आणि कंप्युटर यांच्यातली संदेशांची भाषा. तिच्यातले क्लॉक आणि टाइमकोड दोन्ही एकाच केबलमधून जातात आणि दोन्हींना सरसकट ‘सिंक’ (यंत्रं एकमेकांबरोबर चालवणं) म्हटलं जातं, त्यामुळे गोंधळ होतो. क्लॉक ताल मोजतो: प्रत्येक क्वार्टर नोटला २४ पल्स. टाइमकोड तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम सांगतो. क्लॉकला किती वाजले ते ठाऊक नसतं, टाइमकोडला टेम्पो ठाऊक नसतो. निम्मा निर्णय इथेच होतो.

ड्रम मशीन, सिंथचा आर्पेजिएटर (कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवणारी सोय) किंवा टेम्पोवर चालणारा डिले जोडायचा असेल तर क्लॉकच घ्या. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो १२० वरून १२६ केला की मशीन आपोआप त्यावर येतं. टाइमकोडवर हेच हवं असेल तर दोन्हीकडे तंतोतंत सारखा टेम्पो मॅप (कुठे किती टेम्पो याचा तक्ता) भरावा लागतो. एका गाण्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला?

क्लॉकचं खरं दुखणं म्हणजे जिटर, पल्स वेळेवर न पडणं. १२० टेम्पोला दोन पल्समध्ये २०.८ मिलिसेकंदांचं अंतर असतं. ते कमीजास्त झालं की ग्रूव्ह डळमळतो. तपासायला मशीनवर दर बीटला नुसता रिमशॉट लावा, ३२ बार रेकॉर्ड करा आणि झूम करून ग्रिडशी ताडून पाहा. प्रत्येक ठोका सारखाच उशिरा पडत असेल तर तो बहुधा बफरचा (कंप्युटर आवाज तात्पुरता साठवतो त्या जागेचा) उशीर आहे (४८ किलोहर्ट्झला ५१२ सँपल म्हणजे १०.७ मिलिसेकंद). तेवढा उणे सिंक ऑफसेट दिला की काम झालं. ठोका कधी ३, कधी ९ मिलिसेकंद मागे असेल तर ऑफसेटचा काही उपयोग नाही. मधला यूएसबी हब काढा, त्या पोर्टवरचा बाकीचा मिडी डेटा दुसरीकडे वळवा. मशीनवर टेम्पो दुप्पट दिसतोय? मग दोन पोर्टवरून क्लॉक येतोय, एक बंद करा. गाणं मधून सुरू केल्यावर मशीन पहिल्या बारपासून वाजत असेल तर सॉन्ग पोझिशन पॉइंटर (गाण्यात कुठे आहोत ते सांगणारा संदेश) बंद आहे, किंवा त्या मशीनमध्ये ती सोयच नाही.

चित्र समोर असेल, किंवा शोमध्ये लाइट्सचे क्यू वेळेवर टाकायचे असतील, तर टाइमकोड. फ्रेम रेट दोन्हीकडे आधी जुळवा: सिनेमाला २४, आपल्याकडच्या टीव्हीच्या कामाला २५. एका बाजूला २९.९७ ड्रॉप (मधले काही फ्रेम-आकडे गाळणारी मोजणी) आणि दुसरीकडे नॉन-ड्रॉप राहिलं तर तासाभरात आकडे ३.६ सेकंदांनी फाटतात. एक पूर्ण वेळ कळवायला आठ संदेश लागतात, म्हणजे २५ च्या रेटला दोन फ्रेम, ८० मिलिसेकंद. त्यात पकड बसायला आणखी थोडा वेळ जातो, म्हणून पाचेक सेकंदांचा प्री-रोल (सुरुवातीआधीची मोकळी धाव) ठेवा. व्हिडिओ ०१:००:००:०० पासून सुरू होत असेल तर सेशनची सुरुवातही तीच द्या. नाहीतर प्लेहेड तासभर पुढे जाऊन रिकाम्या टाइमलाइनवर उभा राहतो.

आणि लांबलचक मैफल दोन वेगळ्या ऑडिओ इंटरफेसवर (आवाज कंप्युटरमध्ये नेणाऱ्या पेट्यांवर) रेकॉर्ड करायची असेल तर? यातला कुठलाच एकटा पुरत नाही. टाइमकोड फक्त कुठून सुरू करायचं ते सांगतो, सँपल मोजतं ते इंटरफेसमधलं क्रिस्टल. दोन क्रिस्टलांत दहा लाखांत २० चा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. तिथे वर्ड क्लॉक (दोन्ही इंटरफेसना सँपलची एकच गती देणारा सिग्नल) हवा: ७५ ओहमची बीएनसी केबल, एक इंटरफेस ‘इंटर्नल’वर, दुसरा ‘एक्स्टर्नल’वर. दोन्ही इंटर्नलवर राहिले तर केबल लावूनही तफावत तशीच पडत राहते.