'डॉक्टर हू'ची क्षेपकं: आधी कादंबऱ्या की ऑडिओ नाटकं?

डोंबिवलीच्या भाचीने 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचे २००५पासूनचे भाग संपवले. आता तिला मालिकेबाहेरच्या गोष्टी हव्यात, पण अट घातलीय. "मामा, खरंच घडलेलं तेवढंच सांग. अर्धं वाचून झाल्यावर 'हे धरायचं नसतं' असं कळलं की डोकं फिरतं."

अट रास्त आहे, पण पुरी करणं कठीण. 'स्टार वॉर्स'वाल्यांचं बरं आहे. लुकासफिल्मने एप्रिल २०१४मध्ये तोवरच्या कादंबऱ्या नि कॉमिक्स 'लेजंड्स' म्हणून वेगळ्या काढल्या, वाद तिथेच मिटला. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं की यापुढे जो यात स्वतःची ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. 'डॉक्टर हू'ला १९६३पासून असा एकनाथ मिळालेला नाही. अस्सल काय नि क्षेपक काय, हे बीबीसीने कधी ठरवून दिलं नाही. चाहते भांडतायत.

टीव्हीवरच्या उपमालिकांचा निकाल सोपा आहे. 'टॉर्चवुड' आणि 'द सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स'मधली मंडळी २००८मध्ये मूळ मालिकेत येऊन गेली, म्हणजे त्या धरायच्याच. ('टॉर्चवुड' आजीसमोर लावू नकोस.) पेच आहे तो पुढच्या दोघांत.

१९८९मध्ये मालिका थांबली. १९९१ ते १९९७ या काळात व्हर्जिन प्रकाशनाने 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स' नावाने ६१ कादंबऱ्या काढल्या. पडदा रिकामा असताना डॉक्टर जिवंत राहिला तो मुख्यतः यांच्यात. पुढे मालिका परत आणणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६मध्ये यातली एक लिहिली. घराणं चांगलं आहे, पण भाचीच्या अटीत बसवायला गेलं की ठेच लागते. पॉल कॉर्नेल यांची १९९५ची 'ह्यूमन नेचर' घ्या. सातवा डॉक्टर (मरायला टेकला की डॉक्टर नवं रूप घेतो नि नट बदलतो, म्हणून हे आकडे) स्वतःला विसरून माणूस होतो आणि १९१४च्या इंग्लंडात शाळामास्तर म्हणून राहतो. २००७मध्ये कॉर्नेल यांनीच ही गोष्ट दहाव्या डॉक्टरसाठी टीव्हीवर लिहिली. साल तेवढं १९१३ झालं. एकाच इसमावर हाच प्रसंग दोनदा? १९९७च्या 'लंगबॅरो'त तर टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरची जमात, जन्मत नाहीत, मागावर विणले जातात. इकडे टीव्हीवर त्यांच्यातलाच मास्टर, डॉक्टरचा वैरी, आठ वर्षांचा पोरगा दिसतो! शिवाय ही पुस्तकं आता मिळणं मुश्कील. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मी कित्येक शनिवार घालवले, हाती दोन लागली.

बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीची ऑडिओ नाटकं १९९९पासून येतात आणि बहुतेक डॉक्टरांचं काम त्यांचे मूळ नटच करतात. पॉल मॅकगॅनच्या आठव्या डॉक्टरला १९९६चा एक टीव्ही चित्रपट मिळाला, बस्स. त्याची खरी कारकीर्द २००१पासून कानांवर घडली. आणि २०१३च्या छोट्या भागात तो पडद्यावर परतला, तेव्हा मरण्याआधी त्याने चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली ही नावं घेतली. पाचही जण ऑडिओतले साथीदार! माझ्या लेखी तो दाखला पुरेसा आहे. हट्टी लोक म्हणतात की नावं घेतल्याने प्रत्येक गोष्ट मान्य होत नाही. बरोबर आहे. पण कादंबऱ्यांना एवढंही मिळालेलं नाही.

सायबरमन या डॉक्टरच्या अर्धयांत्रिक शत्रूंचा जन्म सांगणारं २००२चं 'स्पेअर पार्ट्स' इथलं सर्वांत उत्तम. २००६मध्ये टीव्हीने त्यांची वेगळी जन्मकथा दाखवली, पण ती समांतर पृथ्वीवर, त्यामुळे टक्कर टळली. २०१७च्या भागात तर डॉक्टर मोंडास, टेलॉस, पृथ्वी अशी सायबरमन उपजलेल्या ग्रहांची यादीच म्हणतो आणि त्यात मॅरिनसही घेतो. मॅरिनसचा सायबरमनशी संबंध जोडला होता एका कॉमिकने.

तेव्हा भाचीने ऑडिओपासून सुरुवात करावी. डोंबिवली ते सीएसएमटी धीम्या गाडीत चार अंकांतले दोन जाताना होतात, दोन येताना. शिवाय गर्दीत पान उलटायला हात मोकळा लागत नाही. मॅकगॅनचं पहिलं 'स्टॉर्म वॉर्निंग' लाव. ते घडतं आर १०१ या हवाई जहाजावर. १९३०मध्ये ते खरोखरच कराचीला निघालं होतं आणि फ्रान्समध्ये कोसळलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे तेही एका परीने आपल्याकडेच यायला निघालेलं.

'ह्यूमन नेचर' नंतर वाच. माझी प्रत ने, पण पावसाळ्यात डब्याच्या पिशवीत कोंबू नकोस.