'मेजर ब्लॉक करतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका परदेशी-शिक्षणवाल्यानं पोरीच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नावाखाली माझे १,७५,००० रुपये बुडवले. घरात खरा आकडा अजून सांगितलेला नाही. रजिस्ट्रेशन २५,०००, निबंध आणि 'प्रोफाइल' ६०,०००, आणि दोन विद्यापीठांचं 'मेजर ब्लॉकिंग', म्हणजे पदवीच्या मुख्य विषयातली जागा आधीच धरून ठेवणं, प्रत्येकी ४५,०००. हे नव्वद हजार हळदीचे होते.

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सला झुंबड असते. म्हणून फॉर्मवर लॅटिन-ग्रीक टाकायचं, आत शिरायचं आणि पहिल्याच सेमिस्टरला बदलून घ्यायचं. "शंभर टक्के होतंय साहेब, आतनं सेटिंग आहे." यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय, सिॲटलचं वॉशिंग्टन, कार्नेगी मेलन या विद्यापीठांत कॉम्प्युटरची चाळणी वेगळी आणि बारीक. पण म्हणूनच तिथं दुसऱ्या विषयातनं नंतर कॉम्प्युटरला जाणंही महाकठीण करून ठेवलंय. हे त्यानं गिळलं. आणि शाळेपासून कोडिंग करणाऱ्या पोरीच्या अर्जात लॅटिनची आवड कुठनं दिसणार? वाचणारे काय आंधळे आहेत?

इलिनॉय एक. दुसरं ब्लॉकिंग कुठलं? तर अमेरिकेतल्या एमआयटीचं! पोरगी त्याच्यासमोरच बोलली, "बाबा, एमआयटीत पहिल्या वर्षी कुणालाच मेजर नसतं." मग हा ब्लॉक काय करणार होता, कपाळ? तिथंच उठायला पाहिजे होतं. तो हसला. "ताई, सगळं वेबसाइटवर लिहीत नसतात." आणि मी पोरीलाच गप्प केलं. पण शेजारच्या खुर्चीत एक प्राध्यापक चेक फाडत होते. शिकलेली माणसं देत होती, मी तर मार्केट यार्डातला अडत्या.

दोन्हीकडनं नकार आला. (स्टॅनफर्डही आवडीचा विषय नुसता विचारतं, प्रवेश त्या विषयात देत नाही. यादी पक्की करायच्या आधी हे प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर स्वतः वाचा. पोरांना वाचता येतं, त्यांचं ऐका.)

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा दिवाणी मामला." सायबरला जा म्हणाले. सायबरवाल्यानं विचारलं, "ओटीपी सांगितला होता का? नाही? मग इथं कशाला आलाय?" म्हणजे ओटीपी सांगणारा फसलेला, आणि समोर बसून लुबाडला गेलेला हौशी! बँकेत तेच, ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंय. एक हवालदार तर म्हणाला, "एवढे पैसे होते तर पुण्याला घालायचं होतं की पोरीला." लाज वाटायला पाहिजे होती कुणाला, आणि मान खाली कुणाची गेली.

वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले की उठा. पावतीवर 'मेजर' हा शब्द लिहून मागा. माझ्या पावतीवर नुसतं 'सल्ला शुल्क' आहे. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे मला वकिलानं सांगितलं, ठाण्यात कुणी नाही.

विश्रामबागेतल्या ऑफिसला आता कुलूप आहे. मिरजेत त्याच फोन नंबरचा बोर्ड लागलाय, 'परदेशात एमबीबीएस, सीट ब्लॉकिंग सुरू'.