१.५ टीएसआय टर्बो-पेट्रोल, दहा महिने वापरल्यावर: अ‍ॅव्हरेज नेमकं कुठे जातं?

‘टर्बो म्हणजे पेट्रोल पिणार’ आणि ‘दीड लिटरचंच इंजिन, अ‍ॅव्हरेज देणारच’ ही दोन्ही मतं फोक्सवॅगन-स्कोडाच्या या इंजिनाबद्दल ऐकू येतात. दोन्ही खरी आहेत, फक्त एकाच वेळी नाहीत.

आधी आकडे. १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस, २५० एनएम टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएमच्या पट्ट्यात, सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टाकी फुल-टू-फुल, एकच पंप, नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबायचं, असं मोजल्यावर पुण्यात ऑफिसच्या वेळी लिटरला ९ ते ११ किलोमीटर. हायवेला ८०-९०च्या सरळ चालीत १९-२०, शंभरला १७च्या आसपास. मीटर यापेक्षा किलोमीटरभर जास्तच दाखवतो, त्यामुळे मीटरच्या फोटोंवर भांडण्यात अर्थ नाही.

टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते आणि सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी आपोआप पेटू बघतं. म्हणूनच जुन्या टर्बो-पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) खाली आणावं लागे. मग बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, नसताना गाडी मरगळलेली आणि वर पेट्रोलही जास्त. इथे इंजेक्टर ३५० बारपर्यंतच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारा मारतो. त्या पेट्रोलची वाफ होताना आतली हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तेच कारण. त्यामुळे टर्बो असूनही १०.५ कॉम्प्रेशन झेपतं. हलक्या पायाचं अ‍ॅव्हरेज यातूनच मिळतं. पाय दाबून बूस्ट मागितला की हवा वाढते, त्या प्रमाणात पेट्रोलही. त्यात सवलत नाही.

दुसरी कमाई सिलिंडर बंद करण्यातून. लोड कमी असेल तर दुसरा आणि तिसरा सिलिंडर झोपतो, त्यांचे व्हॉल्व्ह उघडतच नाहीत. उरलेल्या दोघांना जास्त काम करावं लागतं, त्यासाठी थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडतो आणि हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. सपाट रस्त्यावर मीटरवर दोन सिलिंडरची सूचना येते. पुढे जेमतेम उड्डाणपुलाचा चढ आला तरी ती जाते. धक्का जाणवत नाही, आवाज मात्र किंचित घोगरा होतो. ट्रॅफिकमध्ये याचा उपयोग जवळजवळ शून्य.

खंडाळ्याच्या घाटात चार माणसं आणि एसी असेल तर ‘डी’ मोड वर-खाली गिअर बदलत बसतो. गिअर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन चौथा धरून २०००-२५०० आरपीएमवर चढवा, टॉर्क तिथेच आहे. उलट चूक म्हणजे वरच्या गिअरला १५००च्या खाली असताना पाय खोल दाबणं. कमी आरपीएम, जास्त बूस्ट आणि तेलाचा थेंब हे तिन्ही एकत्र आले तर ठिणगीआधीच स्फोट होतो; पिस्टन फुटू शकतो. म्हणून ऑइलमध्ये काटकसर नको. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं आणि मंजुरीचंच घ्या, ‘हेही चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

थेट इंजेक्शनचं खरं दुखणं इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपांच्या) पाठीवर बसतं. पेट्रोल तिथून जातच नाही, त्यामुळे ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ धुतली न जाता कोळशासारखी थापली जाते. टाकीत ओतायच्या क्लीनरने इंजेक्टर साफ होतील, हे व्हॉल्व्ह नाही. पुढे कधी थंड इंजिन थरथरू लागलं, पिकअप पडला आणि प्लग-कॉइल ठीक निघाले, तर इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरकडे नेणारा नळ्यांचा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने ब्लास्टिंग करावं लागतं.

ई२०चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, फटकाही धरून चला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज तिथेच गेलं. नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याला, मात्र इथेनॉल चांगलं आवरतं.

रोज तीन-चार किलोमीटरच फिरणार असाल तर महिन्यातून एकदा डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. इंजिन पुरतं तापत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर सर्व्हिसची तारीख यायची वाट बघू नका, ऑइल आणि फिल्टर बदला.