गल्फचं कार्ड, बोटीचं कव्हर आणि गोव्यातली पॉलिसी: कोणत्या आरोग्य विम्यावर किती विसंबावं

गोव्यातून बाहेर गेलेल्या माणसाला आरोग्य विमा सहसा निवडावाच लागत नाही. दुबईत कंपनी कार्ड देते, बोटीवर कंपनी बघून घेते, इंग्लंडला व्हिसाच्या अर्जाबरोबरच पैसे भरून घेतात. त्यामुळे हातात आलेलं कव्हर चांगलं की वाईट, हे तपासायचं राहून जातं. इथे सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे: नोकरी सुटून माणूस म्हापशाला घरी परतला, तर त्या दिवशी हे कव्हर कुठे असतं?

दुबईचं बेसिक कार्ड. २०१३ च्या कायद्याने दुबईत मालकाने कामगाराचा विमा काढणं सक्तीचं आहे. बायकामुलांचा मात्र ज्याने व्हिसा स्पॉन्सर केला त्यानेच काढायचा. कमी पगारवाल्यांना मिळणाऱ्या मूळ प्लॅनची वर्षाची मर्यादा १,५०,००० दिरहम असते, ओपीडीत २० टक्के खिशातून जातात आणि पहिल्यांदाच विमा उतरत असेल तर जुन्या आजाराला सहा महिने थांबावं लागतं. तापापासून अपेंडिक्सपर्यंत ठीक चालतं. पण व्हिसा रद्द झाला की कार्ड संपलं. सुट्टीवर आल्यावर ते गोव्यात चालेल असं धरून चालू नका. पॉलिसीतलं ‘टेरिटोरियल लिमिट’ (कव्हर कोणकोणत्या देशांत चालतं) हे कलम आधी वाचा. निभावण्यापुरतं, एवढंच.

बोटीवरचं कव्हर. क्रूझवर असेपर्यंत हे सगळ्यांत उदार. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय करारानुसार कामावर असताना आलेल्या आजाराचा खर्च जहाजमालकाचा. पण कायदा ही जबाबदारी आजार सुरू झाल्यापासून १६ आठवड्यांवर आणून ठेवायला मुभा देतो. शिवाय काँट्रॅक्ट संपवून माणूस घरी आला आणि दोन महिन्यांच्या सुट्टीत स्कूटरवरून पडला, तर तो खर्च बहुधा त्याचाच. वर्षातले हेच महिने उघडे पडतात आणि नेमके तेच विसरले जातात.

इंग्लंडचा सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर भरायचं आरोग्य शुल्क. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि मुलांना ७७६. तीन वर्षांच्या व्हिसाला ३,१०५ पौंड एकदम मोजावे लागतात. बदल्यात एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते: जीपी (नेहमीचा डॉक्टर), हॉस्पिटल, बाळंतपण. दात आणि चष्मा वेगळा. गंभीर आजारात याच्याइतकं भक्कम दुसरं काही नाही. हर्नियासारख्या थांबू शकणाऱ्या ऑपरेशनला मात्र रांग लांब. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: पोर्तुगालमधली सरकारी सेवा नुसत्या पासपोर्टवर मिळत नाही. तिथला रहिवासी म्हणून आरोग्य केंद्रात नाव नोंदवून ‘उतेंत’ (सरकारी सेवेचा रुग्ण) क्रमांक घ्यावा लागतो.

आंतरराष्ट्रीय एक्स्पॅट प्लॅन, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांसाठीचा. सिग्ना, बुपा, अलियांझ वगैरे विकतात. देश बदलला तरी पॉलिसी तीच राहते, ही खरी जमेची बाजू. ‘अमेरिका वगळून जग’ हा भाग निवडला आणि डिडक्टिबल (क्लेममधला आधी स्वतः भरायचा भाग) वाढवून घेतला की हप्ता बराच उतरतो. तरीही वय वाढेल तसा हप्ता चढतो, आणि तोही परदेशी चलनात. दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणाऱ्यालाच घेण्यासारखा आहे.

गोव्यातली पॉलिसी. आमच्या कसोटीला हीच उतरते, आणि लोक हीच सर्वांत उशिरा काढतात. ‘इथे राहतच नाही तर हप्ता कशाला?’ हा हिशोब फसवा आहे. पहिले ३० दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल यांना बहुतेक ठिकाणी २४ महिने, आणि आधीपासूनच्या शुगर-बीपीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. ही घड्याळं पॉलिसी चालू असेल तरच पुढे सरकतात. तिशीत काढून ठेवली तर ती बहरीनमध्ये बसून सरतात. पन्नाशीत शुगर घेऊन परतल्यावर काढली, तर पहिली तीन वर्षंपर्यंत शुगरमुळे उद्भवलेल्या आजाराला एक पैसा नाही.

अर्जात परदेशी वास्तव्य आणि चालू असलेली प्रत्येक गोळी लिहाच. एजंट ‘हे नको घालूया’ म्हणाला तर एजंट बदला. सलग ६० महिने हप्ते भरल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, त्याआधी येतो. वैद्यकीय तपासणी लागणार असेल तर ती सुट्टीतच आटपा.

रूमच्या भाड्यावर मर्यादा असलेली पॉलिसी घेऊ नका. ५ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला १ टक्का म्हणजे ५,००० रुपये. ८,००० ची रूम घेतली आणि पाच दिवस राहिलात तर १५,००० चा फरक तर गेलाच, शिवाय डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचे १,६०,००० झाले असतील तर तेही पाचास आठ या प्रमाणात कापून १,००,०००च मिळतात. म्हणजे खिशातून ७५,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, हा बारीक मुद्दा हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलावर) सांगावा लागतो.

नेटवर्कची, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांची यादी साइटवर जुनी असू शकते. दोनापावल, जुने गोवे, मडगाव इथल्या तुमच्या सोयीच्या हॉस्पिटलात फोन करून ‘या कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का’ हे विचारा.

आईवडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत) घालू नका; हप्ता सर्वांत मोठ्या वयावर ठरतो आणि एका आजारपणात सगळ्यांची रक्कम संपते. त्यांची पॉलिसी वेगळी काढा आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते चालू ठेवा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख. पण ठरावीक उपचारांपुरतंच, म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

पॉलिसी बंद पडण्याचं नेहमीचं कारण क्षुल्लक असतं: नूतनीकरणाचा ओटीपी बंद झालेल्या भारतीय सिमवर जातो. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, पण त्या दिवसांत आजारी पडलात तर कव्हर नसतं. एनआरओ किंवा एनआरई (परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या) खात्यावर ऑटो-डेबिट लावा.

कागद हातात आल्यापासून ३० दिवस पॉलिसी परत करता येते. तेवढ्यात पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख आणि तुम्ही सांगितलेले आजार तिच्यात आले आहेत का, ते बघा. पुढे क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतं आणि फी आकारत नाही.