डिपॉझिट भरून घेतलेल्या लेबर ठेक्यात माझे २,२७,२०० रुपये गेले

परवा रात्री एका अनोळखी सेंट्रिंगवाल्याचा (स्लॅब-कॉलमचे साचे उभारणाऱ्याचा) फोन आला. साच्याच्या प्लेटा भाड्यानं देणाऱ्याकडून त्याला माझा नंबर मिळाला होता. "दादा, या लेटरहेडवर तुम्ही काम घेतलं होतं का?" म्हणाला आणि फोटो पाठवला. मला मिळाली होती तीच वर्क ऑर्डर. तोच निळा शिक्का, तसाच तिरका मारलेला. फक्त साइटचं नाव वेगळं आणि डिपॉझिट दीड लाखाऐवजी दोन लाख. त्यातले पन्नास हजार त्यानं त्याच सकाळी भरले होते. मी ओरडलोच त्याच्यावर. "आधी फोन ठेव आणि १९३० ला लाव. आत्ताच्या आत्ता. माझ्याशी नंतर बोल." १९३० म्हणजे ऑनलाइन फसवणूक कळवायची सरकारी हेल्पलाइन.

पाच महिने मी हे चारचौघांत उघडपणे सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. मी आधीच तोंड उघडलं असतं तर त्या माणसाचे पन्नास हजार वाचले असते, म्हणून आता सगळं लिहितोय.

मी या लाइनीत १९ वर्षं आहे. बिगारी म्हणून आलो, मग सेंट्रिंग मिस्त्री झालो, आणि गेली सहा वर्षं माझी स्वतःची १४ जणांची टोळी आहे. बंगले, रो-हाऊस, फार तर दोन मजल्यांची बिल्डिंग. या कामात स्लॅब पडेपर्यंत मालक "भाऊ, भाऊ" करतो आणि स्लॅब पडला की हिशोबाला तारखा देतो. कंपनीचं काम मिळावं, दर महिन्याला झालेल्या कामाची मेजरमेंट होऊन त्याचं रनिंग बिल निघावं, टीडीएस कापल्याचा कागद हातात यावा, म्हणजे उद्या बँकेत कर्ज मागायला गेलो तर दाखवायला काहीतरी असेल, एवढीच इच्छा होती. यात हाव कुठे आली? मला "लोभाला बळी पडलास" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं.

काम होतं स्टाफ क्वार्टर्सचं, चार बिल्डिंगा, तीन-तीन मजले. दर माझ्या नेहमीच्या दरापेक्षा फुटामागं ९ रुपये जास्त. डिपॉझिट १,५०,००० आणि ते शेवटच्या बिलात परत. आता कुणीही सांगेल की खासगी कामात लेबर ठेकेदाराकडून आधी पैसे घेत नाहीत, बिलातून काही टक्के कापत जातात. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण सरकारी टेंडरला ईएमडी म्हणजे अनामत रक्कम भरतातच की. काम देणारा माणूस म्हणाला, "आमचं काम सरकारी धर्तीवर चालतं, म्हणून पेमेंट वेळेवर होतं." हे वाक्य मला पटलं. वेळेवर पेमेंट हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते फक्त ठेकेदारालाच कळेल.

९ नोव्हेंबरला, रविवारी, त्यानं साइट दाखवायला नेलं. साइट खरी होती. प्लिंथ म्हणजे जोतं झालेलं, कॉलमचं स्टील उभं, एका कोपऱ्यात रिंगांची थप्पी. वॉचमननं त्याला नमस्कार केला. डोक्यावर पांढरं हेल्मेट, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी. प्लिंथवर ड्रॉइंग पसरून त्यानं बीमच्या साइज सांगितल्या आणि मी मनातल्या मनात प्लेटा मोजायला लागलो. सगळा वेळ त्याचा पंजा ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर होता. आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे तिथे काय असतं. कंपनीचं नाव, आर्किटेक्टचं नाव, तारीख, रिव्हिजन नंबर. वारा सुटला होता, कागद उडू नये म्हणून हात ठेवलाय असं मला वाटलं. आणि गेटवर माझी रजिस्टरला नोंद झाली नाही, सही घेतली नाही. कुठल्याही धड साइटवर नवीन माणूस सही केल्याशिवाय आत जात नाही. रविवारी नेलं यातच सगळं आलं होतं. त्या साइटवरचा खरा माणूस रविवारी तिथे नव्हता.

पण हेही मी सोडून देईन. जे मला रात्री झोपू देत नाही ते त्याच्यानंतरचं आहे.

साइटबाहेर रस्त्याला मी गाडीवर बसलो होतो आणि तो शेजारी उभा. डिपॉझिटपैकी बुकिंगचे ५०,००० यूपीआयनं पाठवायचे होते. त्यानं नंबर सांगितला, मी टाकला आणि स्क्रीनवर नाव आलं. एका बाईचं नाव. वर्क ऑर्डरवर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बोलणारा पुरुष, आणि पैसे जाणार एका बाईच्या बचत खात्यात. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. मी विचारलंसुद्धा, "हे नाव कुणाचं?" तो जराही गडबडला नाही. "मॅडम अकाउंट्सला आहेत. कंपनीच्या खात्याला ऑडिट चालू आहे, म्हणून बुकिंगचे तिकडे घेतोय." मी त्याच्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं. मग पिन टाकला.

मी १९ वर्षं कॉलमला ओळंबा लावतोय. दोन सूत (पाव इंच) फरक दिसला तरी साच्याचे शिकंजे ढिले करून परत लावायला सांगतो, पोरं कितीही कुरकुरली तरी. आणि इथे नाव धडधडीत वेगळं दिसत असताना मी पुढे गेलो, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाला "तुमच्यावर विश्वास नाही" म्हणायची मला भीड वाटली. त्याला वाईट वाटेल, काम हातचं जाईल, एवढंच डोक्यात होतं. स्क्रीनवर नाव वेगळं आलं की पैसे पाठवायचे नाहीत. समोरचा रागावला तर रागावू द्या.

पुढचे आकडे लिहून टाकतो. ११ नोव्हेंबरला त्याच खात्यात १,००,०००. १२ तारखेला फाइल चार्ज ११,८०० आणि १४ जणांच्या विम्याचे प्रत्येकी ६०० प्रमाणे ८,४००. फाइल चार्ज म्हणजे दहा हजार अधिक १८ टक्के जीएसटी, तशी पावती दिली. त्या पावतीवर कर वेगळा दाखवलेला बघून माझा उरलासुरला संशय गेला. चोर कशाला कर दाखवेल, असं वाटलं. दीड लाखांपैकी ९०,००० मी सोनं तारण ठेवून उभे केले होते.

वर त्यानं मला चेक दिला होता. दीड लाखाचा, १५ डिसेंबरची तारीख टाकलेला, "तुमच्या समाधानासाठी." त्याच बाईच्या खात्याचा. हातात चेक आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतोच, मीही झालो.

२४ नोव्हेंबरला सकाळी सात वाजता दोन टेम्पो भरून प्लेटा, जॅक आणि टेकू घेऊन आम्ही गेटवर पोहोचलो. ११ पोरांना प्रत्येकी ४,००० उचल देऊन आणलं होतं, म्हणजे ४४,०००. वॉचमन वेगळा होता. साडेनऊला साइट इंजिनिअर आला, माझी ऑर्डर वाचली आणि म्हणाला, "सेंट्रिंगचा ठेका मे महिन्यातच दुसऱ्याला दिलाय. ही कंपनी आम्हाला माहीत नाही." पोरं टेम्पोत बसून माझ्याकडे बघत होती. टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं १३,०००. सगळं धरून २,२७,२००.

फोन लावला तर त्यानं उचलला, हे मुद्दाम लक्षात घ्या. हे लोक लगेच फोन बंद करत नाहीत. "प्रोजेक्ट मॅनेजर बदललाय, आठ दिवस द्या." मग पंधरा दिवस. चेक बँकेत टाकला, १७ डिसेंबरला खातं बंद असल्याच्या शेऱ्यानं परत आला. तरीही फोन चालू. "नोटीस वगैरे पाठवू नका, महिनाअखेर रोख देतो." मी थांबलो. तो मला कशासाठी थांबवत होता ते तेव्हा कळलं नाही. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, नाहीतर चेक न वटल्याची कलम १३८ ची केस उभी राहत नाही. ते ३० दिवस १६ जानेवारीला संपले. १८ तारखेपासून त्याचा फोन बंद आहे.

२० जानेवारीला मी पोलीस ठाण्यात गेलो आणि खरा छळ तिथून सुरू झाला.

पहिल्या दिवशी अडीच तास बाकावर बसवलं. मग ऐकून घेणारा म्हणाला, "पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत ना? मग हा दिवाणी मामला आहे." दुसऱ्या वेळी दुसरा: "चेक आहे ना? मग कोर्टात जा." तिसऱ्या वेळी: "साइट आमच्या हद्दीत नाही." साइटच्या ठाण्यात गेलो तर, "पैसे तिकडून पाठवलेत, तिकडे जा." सायबरला गेलो तर, "तुम्ही माणसाला समोरासमोर भेटला होतात, हे ऑनलाइन फ्रॉड होत नाही." १९३० ला मी फोन केला तो पैसे गेल्यावर ७२ दिवसांनी, त्यामुळे तिथे मी काय बोलणार. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले गुन्हा नोंदवल्याशिवाय पत्र देता येत नाही. आणि गुन्हा नोंदवत नव्हते. कामगार कार्यालयात सांगितलं, "तुम्ही ठेकेदार, मजूर नाही. मजुरांचे पैसे तुम्ही थकवले असतील तर त्यांची तक्रार घेऊ." मी आजही स्वतः खांद्यावर प्लेटा वाहतो. तिथून बाहेर पडलो तेव्हा हात थरथरत होते.

सात फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक खाडा. आणि या सात फेऱ्यांत एकाही माणसानं मला हे सांगितलं नाही की चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, त्या मुदतीत तोच चेक पुन्हा बँकेत भरता येतो, तो परत आला की नोटिशीचे ३० दिवस नव्यानं मिळतात. "कोर्टात जा" म्हणणाऱ्यानं एवढं एक वाक्य बोलायचं होतं! मी २५ मार्चला वकिलाकडे गेलो. त्यांनी चेकवरची तारीख बघितली आणि मान हलवली. दहा दिवस उशीर झाला होता.

दिवाणी मामला कसला? काम करून घेऊन पैसे बुडवले असते तर दिवाणी म्हणालात, तरी एक वेळ समजून घेतलं असतं. इथे जे काम त्याच्याकडे नव्हतंच ते देतो म्हणून पैसे घेतले. फसवायचा हेतू पहिल्या दिवसापासून. हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), जुनं ४२०. आणि हद्दीचं कारण तर ऐकूनच घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. माझ्या पहिल्या दोन अर्जांची पोच नाही, आणि ते अर्ज आता "सापडत नाहीत."

फेब्रुवारीत भाचा घरी आला होता. बी.कॉम.ला आहे. वर्क ऑर्डर वाचून म्हणाला, "मामा, ही कंपनीच नाहीये." जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, तो नंबर कुणाचा आहे ते सांगतं. कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ, एकट्या व्यक्तीला पी. ऑर्डरवर प्रायव्हेट लिमिटेड छापलेलं आणि सहावं अक्षर पी. मग त्यानं जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला. भलत्याच माणसाचं, भलत्याच धंद्याचं नाव निघालं. दोन मिनिटं लागली, एक रुपया लागला नाही. तो कागद तीन महिने माझ्या फाइलीत होता.

टोळीचं सांगायचं राहिलं. ४४,००० उचल मी कुणाकडून परत मागितलेली नाही, मागणारही नाही. पोरांनी हातातली कामं सोडली होती. पण चार जण मार्चमध्ये दुसऱ्या मुकादमाकडे गेले. जाताना एकानं नजर वर केली नाही. त्यात जो सगळ्यात जुना होता त्याला मी कॉलम बॉक्स लावायला शिकवलं होतं.

आता वकिलांच्या सांगण्यावरून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं लेखी तक्रार पाठवली आहे, पोचपावती आली आहे. तिथूनही हालचाल नाही, म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज तयार केला. वकिलांची फी १५,००० ठरली, ५,००० दिले. परवा फोन केलेल्या त्या भावानं आपले कागद द्यायचं कबूल केलंय. त्याच तिरक्या शिक्क्याची ऑर्डर आणखी कुणाकडे असेल तर पैसे पाठवल्याचा पुरावा आणि ऑर्डरची प्रत जपून ठेवा, मोबाइलमधलं त्याच्याशी झालेलं काहीही पुसू नका, आणि मला कळवा. अर्ज एकट्याचा असला की दिवाणी म्हणून बाजूला टाकतात. आम्ही सध्या दोघे आहोत.