हँडसेटला घरगुती जीपीएस ट्रॅकर : अख्खा पावसाळा वापरल्यावर

हातातल्या हॅम रेडिओ सेटला जोडून आपलं ठिकाण रेडिओवरून पाठवणारा हा ट्रॅकर जूनमध्ये जुळवला, तो दिवाळीपर्यंत चालला. डबी काडेपेटीहून थोडी मोठी. आत ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा अर्डुइनो बोर्ड), निओ-६एम जीपीएस, ५०० एमएएचची लिथियम सेल आणि टीपी४०५६ चार्जर. यातलं जीपीएस सगळ्यात सोपं. डोकं खातो तो ऑडिओ.

पॅकेट, म्हणजे ठिकाणाची माहिती असलेला छोटा संदेश, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत जातं. प्रो मिनीचा सिग्नल थेट माइकला दिला, की रेडिओ त्याची टोकं छाटतो. समोर आवाज मोठा येतो, पण पॅकेट उलगडत नाही. म्हणून आधी १०० के रेझिस्टर, मग १० के प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर) आणि त्याच्या मधल्या पायातून ०.१ मायक्रोफॅरडमार्गे माइक. प्रीसेट तळापासून सुरू करून दुसऱ्या सेटवर ऐकत वाढवायचा. पॅकेट उलगडू लागलं की हात काढून घ्या. जोरात म्हणजे लांब, असं एफएममध्ये नसतं.

सेटच्या केनवूड पद्धतीच्या दोन पिनांत ३.५ मिमीची रिंग (मधला पट्टा) माइकची, त्याच पिनेची स्लीव्ह (मागचा भाग) पीटीटीची, म्हणजे बोलायच्या बटणाची, आणि २.५ मिमीची स्लीव्ह ग्राउंड. दोन्ही स्लीव्हमध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला ४.७ के. पीटीटी दाबल्यावर ३०० ते ४०० मिलिसेकंद थांबूनच डेटा सोडा. व्हॉक्सच्या (आवाज आला की आपोआप प्रसारण सुरू होण्याच्या सोयीच्या) नादी लागू नका, पॅकेटचं डोकंच कापलं जातं.

५ वॉटवर सुरुवातीला बोर्ड दर पॅकेटला रीसेट व्हायचा. कधी पीटीटी अडकून सेट तापायचा. कारण सेटची अँटेना डबीला खेटून होती. माइक आणि बेसपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड, वायरवर फेराइट मणी, एवढ्याने थांबलं. तरी सेटच्या मेनूत टाइम-आउट (प्रसारण आपोआप बंद होण्याची वेळ) एक मिनिटावर ठेवलेला बरा. ड्युअल वॉच (एकाच वेळी दोन चॅनेल ऐकणं) हाही बंदच हवा, नाहीतर पॅकेट भलत्याच चॅनेलवर जातं.

नवख्यांचा नेहमीचा घोटाळा आकड्यांचा. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व. पॅकेटमध्ये मात्र अंश-मिनिटं लागतात: १५५१.०० आणि ०७४३०.००. पुढचं शून्य गाळायचं नाही. १५८५ लिहिलंत तर ८५ मिनिटं होतात, आणि मिनिटं तर साठाच्या आतच असतात! कॉलसाइनमागे (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-नावामागे) हातातल्या सेटसाठी -७. (हॅम परवाना नसेल तर हे सगळं टेबलावरच, प्रसारण नाही.)

टीपी४०५६ वर १.२ के रेझिस्टर असतो, म्हणजे चार्जिंग १ अँपिअरने. एवढ्या छोट्या सेलला ते फार. तिथं ५ के लावला की २५० मिलिअँपिअर होतं. चार्ज केल्यावर सहा-सात तास मिळतात, बहुतेक करंट जीपीएस खातं.

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटीच्या रानात फिक्सला (जीपीएसला ठिकाण सापडायला) वेळ लागतो. कागदावरचे २७ सेकंद उघड्या आकाशाखालचे. घरच्या गच्चीवरच फिक्स घ्यावा आणि वाटेत बंद करू नये. जीपीएसची चौकोनी अँटेना आकाशाकडे, खिशात नाही. सोल्डरिंगवर नेलपॉलिशचा हात दिला की दमटपणाचा त्रास कमी होतो.

राजहंसगडावरून पॅकेट छान लांब जातात. चोर्ला घाटात मात्र डोंगर आडवे येतात; तिथं पॅकेट सुटतं, पण पोचत नाही, आणि प्रीसेट कितीही फिरवला तरी त्यावर इलाज नाही.