झाडांच्या छोट्या टँकसाठी फिल्टरमध्ये काय भरावं: स्पंज, रिंगा, कार्बन की आणखी काही?

दोन बाय एक बाय एक फुटाच्या फिश टँकमध्ये कागदोपत्री 56 लिटर पाणी मावतं. माती, दगड, लाकूड टाकलं की हातात उरतं 45च्या आसपास. एवढ्याशा पाण्यासाठी दुकानात गेलात की काउंटरवर सिरॅमिक रिंगांचा डबा, कार्बनची पुडी आणि बायोबॉलची (प्लॅस्टिकच्या जाळीदार गोळ्यांची) जाळी एकापाठोपाठ एक पुढे येतात. तिन्ही घ्यायची गरज नसते. फिल्टरमध्ये तेवढी जागाही नसते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. नुसत्या माशांच्या टँकमध्ये त्याचं नायट्रेट करून तो संपवायचं काम फिल्टरमधल्या जीवाणूंचं असतं. पण हायग्रोफिला, वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट अशी झपाट्यानं वाढणारी झाडं भरपूर असतील तर ती अमोनिया थेट ओढून घेतात, नायट्रेट होण्याची वाटही बघत नाहीत. म्हणून ‘जीवाणूंना जास्तीत जास्त जागा’ हा डब्यावरचा दावा झाडांच्या टँकमध्ये दुय्यम ठरतो. इथे फिल्टरकडून दोनच गोष्टी हव्यात: पाणी नितळ राहावं आणि प्रवाह मंदावू नये.

या दोन्हींत साधा स्पंज सगळ्यांत पुढे आहे. घेताना छिद्रं बघा. 20 ते 30 पीपीआय (एका इंचात तेवढी छिद्रं) म्हणजे जरा जाड छिद्रांचा स्पंज घाण धरतो आणि लवकर तुंबत नाही. 45च्या पुढचा बारीक स्पंज पाणी आणखी चकचकीत करतो, पण छोट्या पंपाला तो लगेच जड जातो. जीवाणूही स्पंजवर मजेत वाढतात, त्यांना वेगळ्या बंगल्याची गरज नसते. धुवायचा मात्र टँकमधून काढलेल्याच पाण्यात. बादलीत दोन-तीनदा दाबला की चहासारखं तपकिरी पाणी सुटतं, तेवढं पुरे. पांढराशुभ्र करायच्या नादी लागू नका. नळाखाली धरलात तर क्लोरीननं जीवाणू जातात, मग कोल्हापुरात पाणी काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं असो नाहीतर पंचगंगेचं. बादलीतलं तपकिरी पाणी कुंडीतल्या जास्वंदीला घाला.

सिरॅमिक रिंगा वाईट नाहीत. पण त्यांचा उपयोग कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, आणि तोही रिंगांच्या आधीच्या कप्प्यात स्पंज असेल तरच. टँकच्या काठाला अडकवायच्या हँग-ऑन फिल्टरच्या मूठभर जागेत त्या सरळ ओतल्या की महिन्या-दोन महिन्यांत त्यांची भोकं गाळानं भरतात आणि मग रिंग आणि खडा यांत फरक राहत नाही. सिंटर्ड ग्लासच्या महागड्या रिंगांचंही तेच. मासे खूप आणि झाडं कमी असतील तर रिंगा जरूर घ्या. बायोबॉल हे ट्रिकल फिल्टरसाठी, म्हणजे पाणी थेंब थेंब गळतं आणि हवा खेळते अशा ठिकाणासाठी बनलेले आहेत; पाण्यात बुडालेल्या छोट्या डबीत ते नुसती जागा खातात.

पन्हाळ्याकडचा जांभा फोडून भरला तर? सच्छिद्र आहे, फुकट आहे, म्हणून मोह होतो. पण कच्चा जांभा लाल भुकटी सोडत राहतो, ती पंपाच्या इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांत जाते. टँकमध्ये सजावटीला ठेवा, फिल्टरमध्ये नको. दगडच हवा असेल तर कडक लाव्हा रॉक घ्या. संगमरवराचे तुकडे किंवा कोरल टाळा, त्यांनी पाण्याचा जडपणा वाढतो. शंका आलेल्या दगडावर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे.

कार्बनचा प्रश्न वेगळा. औषध दिल्यानंतर ते काढायला किंवा लाकडातून पाण्यात उतरलेला चहासारखा रंग घालवायला तो झकास आहे. कायमचा ठेवू नका. काही आठवड्यांत तो भरतो, आणि तुम्ही झाडांसाठी घातलेल्या द्रवखतातलं थोडंफार लोहही धरून बसतो. झिओलाइट नावाचं खनिज तर झाडांच्या तोंडचा घासच काढतं, कारण अमोनियम शोषणं हेच त्याचं काम. त्यात माशांच्या उपचारासाठी मीठ टाकलंत तर शोषलेलं अमोनियम ते परत पाण्यात सोडतं. रंग घालवण्यासाठी कायमचं काही ठेवायचंच असेल तर प्युरिजेन, म्हणजे पाण्यातला रंग शोषणारे बारीक कृत्रिम मणी. महाग आहे, पण ब्लीचमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतं. मात्र नंतर क्लोरीन पूर्ण काढून टाकायला विसरू नका.

पावसाळ्याचा विचार आधीच करा. जून-जुलैत नळाला मातकट झाक आली की स्पंजनंतर पॉलिस्टर वूलचा पातळ थर हवा. उशीत भरतात तो रेक्रॉन चालतो, फक्त सुगंधी किंवा रंगीत नको. चार दिवसांत तो चॉकलेटी होतो. धुवत बसू नका, फेकून द्या.

आणि वारा-पावसात लाइट गेली तर? कॅनिस्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि आतले जीवाणू मरायला लागतात. लाइट आल्यावर कॅनिस्टरमधलं पहिलं पाणी टँकमध्ये न सोडता ओतून द्यावं. इंटर्नल फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात असतो, त्याला हा त्रास कमी होतो. तुमच्या भागात लाइट वरचेवर जात असेल तर या आकाराच्या टँकला इंटर्नल फिल्टर आणि जाड स्पंज घ्या, आणि रिंगांचे पैसे आणखी दोन जुड्या हायग्रोफिलावर घाला.